पदोन्नती, अपेक्षाभंग आणि मनाचा तोल

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नोकरदार व युवा सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला होते. व्यासपीठावर सहसा न येणारा, परंतु आज येथे बसलेल्या अनेकांच्या घरात असलेला एक विषय मी निवडला. नोकरीत बढतीसाठी अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि निवडसूचीत नाव आले नाही, तर त्या व्यक्तीने काय करावे?

विषय लहान वाटेल. कोणाचा जीव गेलेला नाही, नोकरी गेलेली नाही, पगारही पूर्वीइतकाच चालू आहे. मग दुःख कशाचे? परंतु माझी तीस वर्षे एका बँकेच्या कर्मचारी विभागात गेली. बढतीच्या परीक्षा, मुलाखती, निवडसूच्या आणि त्यानंतर येणारी निवेदने हेच माझे काम होते. एका परिपत्रकामुळे माणसाची झोप उडालेली, वीस वर्षांची मैत्री तुटलेली आणि घरातील बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

एक नवे दुःख

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हे दुःख फारसे अनुभवले नाही. बहुतेक कुटुंबांचा आधार शेती किंवा व्यापार हा होता. पेढीवर बसणाऱ्याचे मूल्यमापन गिऱ्हाईक करीत असे आणि शेतकऱ्याचे पाऊस. तोटा होई, कर्ज होई, परंतु ‘तुमच्या बरोबरीचा पुढे गेला आणि तुम्ही मागे राहिलात’ असे कागदावर लिहून कोणी हाती देत नसे. पुढच्या पिढ्या शिकल्या, बँका, शाळा-महाविद्यालये, शासकीय कार्यालये, कारखाने आणि संगणक कंपन्यांत गेल्या. तेथे आपली किंमत दुसऱ्याच्या लेखणीने ठरते. या प्रकारच्या अपेक्षाभंगाला तोंड कसे द्यावे याचा घरातील अनुभव आपल्याला वारशाने मिळालेला नाही. तो आपणच गोळा करावयाचा आहे.

आधी हिशेब

व्यापारी घरातील माणसाला हिशेब लवकर पटतो, म्हणून तेथूनच सुरुवात करू. एका पदासाठी दहा उमेदवार असतील, तर निवड कितीही न्याय्य झाली तरी नऊ जणांना नकार मिळणारच. बँकेत अधिकाऱ्यांच्या चढत्या श्रेणी असतात आणि प्रत्येक पायरीवर जागा कमी होत जातात. याचा अर्थ असा की, नाकारल्या गेलेल्या बहुसंख्य व्यक्ती अपात्र नसतात. जागा नसते, एवढेच. ‘मी निवडला गेलो नाही’ आणि ‘मी नालायक ठरलो’ ही दोन वाक्ये मनात एकाच वेळी उमटतात, पण त्यांचा अर्थ एक नाही.

दुसरी गोष्ट तुलनेची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॅम्युएल स्टाऊफर या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांचा मोठा अभ्यास केला. तो १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. लष्करी पोलीस दलात बढत्या फार सावकाश होत, तर हवाई दलात झपाट्याने होत. तरीही बढतीच्या संधींबाबत अधिक नाराजी हवाई दलात होती. कारण उघड आहे. जेथे कोणालाच बढती मिळत नाही, तेथे मागे राहिल्याची खंत नसते. जेथे शेजारच्या मेजावरचा पुढे जातो, तेथे आपली खुर्ची टोचू लागते. आपले दुःख किती आहे, हे आपल्याला काय मिळाले यापेक्षा शेजाऱ्याला काय मिळाले यावर ठरते. हे ओळखल्याने दुःख नाहीसे होत नाही, परंतु ते कोठून येते हे कळते.

हक्क कशाचा?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. कायद्याने या प्रश्नात एक रेषा आखलेली आहे आणि ती केवळ न्यायालयासाठी नव्हे, तर आपल्या मनासाठीही उपयोगी आहे.

१९९९ साली अजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, पात्र शासकीय कर्मचाऱ्याचा बढतीसाठी विचार होणे हा संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाखालील मूलभूत हक्क आहे. शब्दांकडे लक्ष द्यावे. बढती मिळणे हा हक्क नाही. बढतीसाठी आपला रीतसर, निःपक्षपाती विचार होणे हा हक्क आहे.

या रेषेच्या दोन्ही बाजूंना माणसे चुकतात. काही जण निकालावरच हक्क सांगतात. ‘माझी पंचवीस वर्षे झाली, मला मिळालेच पाहिजे.’ पद सेवाज्येष्ठतेने भरावयाचे असेल तर हे म्हणणे काही अंशी योग्य ठरेल, पण गुणवत्तेच्या निवडीत केवळ वर्षे पुरत नाहीत. याउलट काही जण विचार होण्याचा हक्कही सोडून देतात. ‘जाऊ द्या, आपल्या नशिबात नाही,’ असे म्हणून ते गप्प बसतात. आपल्या घरांमध्ये या दुसऱ्या वृत्तीला पुष्कळदा सोशिकपणा म्हणून गौरविले जाते. मला ते मान्य नाही. अन्यायाची चौकशी न करता तो मनात साठवून ठेवणे म्हणजे शांती नव्हे. तो साठा पुढे कोठेतरी बाहेर पडतोच, आणि बहुधा घरातच पडतो.

याचे एक बोलके उदाहरण देतो. देव दत्त नावाचे एक अभियंता सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता पदाच्या बढतीसाठी पाच वर्षे ‘अत्युत्तम’ शेरा आवश्यक होता. त्यांना १९९३-९४ या एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. शेरा वाईट नव्हता, म्हणून तो त्यांना कळविलाच गेला नाही. परंतु त्याच ‘चांगल्या’ शेऱ्याने त्यांची बढती अडली. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निर्णय दिला की, वार्षिक अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, संबंधित कर्मचाऱ्यास कळविलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणे मांडता येईल. निकाल लागला तेव्हा देव दत्त निवृत्त झालेले होते. तरीही न्यायालयाने त्यांना निवेदनाची संधी द्यावी आणि शेरा सुधारल्यास बढतीचा पूर्वलक्षी विचार करावा, असा आदेश दिला. २०१३ साली सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच तत्त्व कायम केले. त्याआधीच, १४ मे २००९ च्या केंद्र शासनाच्या आदेशाने गोपनीय अहवालाची जागा संपूर्ण उघड केल्या जाणाऱ्या कार्यमूल्यमापन अहवालाने घेतली आणि त्यावर निवेदन देण्यास पंधरा दिवसांची मुदत ठरली.

म्हणून माझी पहिली विनंती ही की, आपला वार्षिक अहवाल वाचा. बढतीच्या वर्षी नव्हे, दरवर्षी वाचा. माझ्याकडे येणाऱ्या निवेदनांपैकी पुष्कळ निवेदने अशी असत की, ज्या शेऱ्याविरुद्ध तक्रार आहे, तो चार वर्षांपूर्वी सही करून स्वीकारलेला असे. खासगी कंपनीत असा घटनात्मक हक्क नसतो. तेथे वर्षअखेरच्या मूल्यमापनाची बैठक हीच आपली संधी. त्या बैठकीत मान डोलावून बाहेर येऊ नये. ठरलेल्या अपेक्षा आणि त्यांची पूर्तता त्याच आठवड्यात लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे पाठवावी.

निकालानंतरचे दिवस

निकाल प्रतिकूल लागल्यास काय करावे, हे अनुभवाने सुचलेले काही क्रमाने सांगतो.

पहिले दोन दिवस काहीही लिहू नये. रागाच्या भरात लिहिलेले पत्र खरे असले तरी वाचणाऱ्याला त्यातील राग दिसतो, खरेपणा दिसत नाही. मात्र दोन दिवसांचे दोन महिनेही करू नयेत. निवेदनाची मुदत असते आणि ती कोणासाठी थांबत नाही.

त्यानंतर कारण शोधावे. नकाराची कारणे साधारणतः तीन प्रकारची असतात. एक, जागाच कमी होत्या. दोन, ज्या निकषावर निवड झाली त्यात आपण कमी पडलो, किंवा आपले काम त्या निकषात दिसलेच नाही. तीन, निवडीत नियमभंग किंवा पक्षपात झाला. या तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत. पहिल्यावर थांबणे, दुसऱ्यावर तयारी आणि तिसऱ्यावर लेखी निवेदन. मन दुखावलेले असते तेव्हा आपण प्रत्येक नकाराला तिसऱ्या प्रकारात घालतो. म्हणून आधी कागद तपासावेत. सेवाज्येष्ठता यादीत आपला क्रमांक बरोबर आहे का, सर्व अहवाल समितीपुढे ठेवले गेले का, निकष सर्वांना सारखेच लावले गेले का, हे पाहावे. निवेदन देण्याची वेळ आलीच तर ते एका पानाचे असावे. त्यात तारखा, नियम आणि मागणी एवढेच असावे. दुसऱ्या उमेदवाराच्या उणिवा त्यात लिहू नयेत.

नंतर वरिष्ठांना भेटावे. भेटीत ‘मला का नाही?’ असे विचारले, तर समोरचा स्वतःचा बचाव करू लागतो आणि आपल्या हाती काही लागत नाही. ‘पुढील निवडीपूर्वी माझ्या कामात कोणती एक गोष्ट दिसली पाहिजे?’ असे विचारले, तर उत्तर द्यावेच लागते. ते उत्तर लिहून ठेवावे आणि सहा महिन्यांनी त्याच व्यक्तीला पुन्हा भेटावे.

आणि जो निवडला गेला त्याचे अभिनंदन त्याच दिवशी करावे. हे अवघड आहे, हे मी जाणतो. पण निवड त्याने केलेली नसते. आठवडाभर टाळले की पुढे त्या दोघांना एकाच खोलीत काम करणे जड होते.

येथे एका अधिकाऱ्याची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. विदेशी चलनाच्या कामात त्यांच्याइतका जाणकार आमच्या विभागात दुसरा नव्हता. एका वर्षी त्यांचे नाव यादीत आले नाही. त्यांनी निवेदन दिले नाही, कोणाला विचारले नाही, कामातही कसूर केली नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी कोणालाही काही शिकविले नाही. तरुण अधिकारी शंका घेऊन गेले की ते म्हणत, ‘परिपत्रक वाचा.’ अशी नऊ वर्षे गेली. निवृत्तीच्या निरोप समारंभात ते जे थोडे बोलले, ते सर्व त्या एका वर्षाच्या यादीविषयी होते. सभागृहातील निम्म्या लोकांना ती यादी ठाऊकही नव्हती. कदाचित त्या वर्षी त्यांच्यावर अन्याय झालाही असेल. परंतु अन्याय एका दिवसाचा होता आणि नऊ वर्षे त्यांनी स्वतः त्यात घातली.

पद हवे की काम?

निराशेच्या काळात स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा. आपल्याला ते काम हवे होते, की ती पाटी? लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ साली ‘पीटर सिद्धांत’ मांडला. माणूस एका पदावर चांगले काम करतो म्हणून वरच्या पदावर जातो आणि असे जात जात शेवटी ज्या पदासाठी तो अक्षम आहे तेथे स्थिरावतो, असा त्याचा आशय. तो विनोदाच्या अंगाने लिहिलेला असला, तरी पुढे अभ्यासातही त्याला आधार मिळाला. अमेरिकेतील विक्री प्रतिनिधींविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले की, सर्वाधिक विक्री करणारे बढतीत पुढे जात, परंतु व्यवस्थापक म्हणून त्यांच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी तुलनेने उणी राही. स्वतः विकणे आणि दुसऱ्याकडून विकून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. उत्तम शिक्षक उत्तम मुख्याध्यापक होईलच असे नाही. तो न झाल्याने शिक्षक म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

प्रश्न केवळ पगाराचा असेल, तर त्याची सोय काही ठिकाणी बढतीशिवायही आहे. केंद्र शासनात १ सप्टेंबर २००८ पासून लागू झालेल्या योजनेनुसार बढती न मिळालेल्या कर्मचाऱ्यास १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर वरचा वेतनस्तर मिळतो. महाराष्ट्र शासनातही आश्वासित प्रगती योजना आहे. पद मिळाले नाही, तरी हे लाभ वेळेवर मिळतात का हे पाहणे आपले काम आहे.

बढती मिळूनही ती नाकारावी लागणाऱ्यांचे, विशेषतः आपल्या भगिनींचे, दुःख तर कोणी मोजतच नाही. बढतीबरोबर बदली येते. मुलाची दहावी, सासूबाईंचे आजारपण, पतीची नोकरी यांचा विचार करून ती नकार लिहून देते. केंद्र शासनाच्या नियमानुसार असा नकार स्वीकारला गेला, की एक वर्ष नव्याने प्रस्ताव येत नाही, आणि त्या काळात मागचे पुढे जातात. घरातल्यांना मात्र वाटते की तिला फारशी हौस नव्हती. ज्या घरासाठी तिने हे सोडले, त्या घराने ते निदान जाणावे. आणि पुढच्या वेळी, बदलीच्या गावी आपण जाऊ शकतो का, हा प्रश्न पतीनेही स्वतःला विचारावा.

दोन थोर उदाहरणे

अपेक्षित पद हुकणे हे सामान्यांच्याच वाट्याला येते असे नाही. आपल्या कोल्हापूरच्या मातीतले लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे उदाहरण घ्या. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत त्यांनी गाजविलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना डी. एस. ओ. हा सन्मान मिळाला. १९५३ साली कोरियात गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व त्यांनी केले. पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना, १९६० साली लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या नावाच्या सरावातून त्यांनी चीनच्या संभाव्य आक्रमणाचे चित्र वरिष्ठांपुढे मांडले. १९६१ साली सरसेनापती थिमय्या निवृत्त होताना त्यांनी आपल्यानंतर थोरातांचे नाव सुचविले होते. परंतु ते पद जनरल थापर यांच्याकडे गेले आणि थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले. ‘मी सांगितले होते’ असे म्हणत उरलेले आयुष्य घालविण्यास याहून मोठे कारण कोणाला मिळेल? त्यांनी तसे केले नाही. राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांनी काम केले आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. ज्यांच्या स्वतःच्या निवडीच्या वेळी पारडे दुसरीकडे झुकले होते, त्यांच्या हाती आता इतरांच्या निवडीचा तराजू आला.

दुसरे उदाहरण न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, नागरिकांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने भिन्न मत देणारे ते पाच जणांच्या पीठातील एकटे न्यायमूर्ती होते. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले. खन्ना यांनी राजीनामा दिला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९७६ चा तो बहुमताचा निर्णय रद्दबातल ठरविला. तेव्हा खन्ना हयात नव्हते.

एकाने दुसरे काम स्वीकारले, एकाने पद सोडले. दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. जेथे वारंवार, रीतसर प्रयत्न करूनही आपला विचारच होत नाही, तेथून बाहेर पडणे हा पराभव नव्हे. मात्र बाहेर पडावे ते दुसरीकडची सोय पाहून, शांतपणे. देहाने तेथेच राहायचे आणि मनाने कामातून निघून जायचे, हा तिसरा मार्ग तेवढा टाळावा.

समाजाकडून अपेक्षा

शेवटी दोन विनंत्या करतो.

येथे बसलेल्यांपैकी जे स्वतः निवड समित्यांवर बसतात, किंवा ज्यांच्या पेढीत, कारखान्यात, संस्थेत माणसे काम करतात, त्यांना पहिली विनंती. ज्यांना नाकारता, त्यांना बोलावून पाच मिनिटे कारण सांगा. माणूस प्रतिकूल निर्णय पचवू शकतो. आपल्याला विचारातच घेतले गेले नाही, हे त्याला पचत नाही. संस्थेचे जे नुकसान नाकारलेल्या माणसाच्या मौनाने होते, ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

दुसरी विनंती ज्येष्ठांना आणि नातलगांना. लग्नकार्यात, पंगतीत, ‘काय मग, साहेब झालात की नाही?’ हा प्रश्न आपण सहज विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. परंतु ज्याचे नाव यादीत आले नाही, तो त्या प्रश्नाच्या भीतीने कार्याला येणेच टाळतो, हे मी पाहिले आहे. त्याऐवजी ‘सध्या काम काय चालले आहे?’ असे विचारावे. त्या उत्तरात त्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते.